इंजिन ब्लॉकच्या ड्रेन प्लगमधून कूलंट गळतंय, मदत हवी आहे

मंडळी, आमच्या जुन्या तीन सिलिंडरच्या डिझेल ट्रॅक्टरला ब्लॉकच्या बाजूला पाणी काढायचा पितळी प्लग आहे, तिथून कूलंट झिरपतंय. इंजिन थंड असताना थेंबही नाही. रोटर मारून तापलं की प्लगखाली हिरवा ओघळ दिसतो. होज आणि वॉटर पंप कोरडे आहेत, वरून काही येत नाही.

प्लगचे आटे निमुळते आहेत, म्हणजे सील वॉशरवर नाही, आट्यांवरच होतं. त्यामुळे आणखी आवळायला हात धजावत नाही. ब्लॉक बिडाचा, प्लग पाचरीसारखा आत घुसला तर तडाच जायचा, आणि मग खर्च कुठल्या कुठे!

मिस्त्री म्हणतात टेफ्लॉन टेप गुंडाळा. मला ट्यूबमधलं थ्रेड सीलंट बरं वाटतं, कारण टेपचा तुकडा सुटून आत गेला तर रेडिएटरच्या नळ्यांत अडकेल. तुमचा अनुभव काय? ब्लॉकच्या आट्यांत गंज निघाला तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवावा, की नुसता तारेचा ब्रश पुरे? टॅपने भोक सैल होईल अशी धास्ती आहे. सीलंट लावल्यावर कूलंट भरायला किती वेळ थांबता?

वरून एम-सील थापायचं नाही, कायमचा इलाज हवाय. पेरणी तोंडावर आहे, कृपया लवकर सांगा.