जुन्या ऐरणीच्या माथ्यावर ग्राइंडर चालवावा का?

घणघण
जुन्या ऐरणी जमवणाऱ्यांमध्ये एक सवय बळावत चालली आहे. ऐरण हाती आली की आधी ग्राइंडर, मग मिलिंग (यंत्रावर माथा कापून सपाट करणं), मग लख्ख माथ्याचे फोटो. माझा याला ठाम विरोध आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक घडीव ऐरणींचं अंग नरम लोखंडाचं असतं आणि वर साधारण अर्धा इंच जाडीची पोलादी पट्टी भट्टीत तापवून सांधलेली असते. पाणी दिलेली, म्हणजे तापवून एकदम थंड करत कडक केलेली ती पट्टीच घणाचा मार झेलते. त्यात जुन्या ऐरणीचा तळ माथ्याला समांतर असेलच असं नाही. तळ टेकवून मिलिंग केलं तर एका टोकाचं पोलाद जास्त कापलं जातं, आणि गेलेलं पोलाद परत येत नाही.

भट्टीकर
अजिबात पटलं नाही. ऐरण ठोकण्यासाठी घडवली, काचेच्या कपाटासाठी नाही. मधे खोलगट, कडा उडालेल्या अशा माथ्यावर सपाट पातं कसं घडवायचं? मिलीमीटरभर पोलाद गेलं तरी खाली पुष्कळ उरतं.

घणघण
उरतं की नाही हे कापण्याआधी कोण मोजतं? शतकभराच्या वापराने पट्टी आधीच झिजलेली असते. आणि हलका खोलगटपणा कामाचाच आहे. सपाट माथ्यावर ठोकलेली सळई थोडी उसळून पुन्हा वाकडी होते. खोलगट जागी ती किंचित पलीकडे दबते आणि सोडल्यावर सरळ राहते. पात्यासाठी सपाट जागा हवी तर बऱ्याच ऐरणींची टाच, म्हणजे शिंगाच्या विरुद्ध टोकाकडचा माथा, कमी झिजलेली असते, तिथे काम करा.

ठसेशोधक
मला माथ्याइतकीच काळजी कुशीची, म्हणजे बाजूवरच्या ठशांची वाटते. ग्राइंडर तिथे फिरला की ऐरणीची ओळखच पुसली जाते. हाताने तारेचा ब्रश मारा, अंधारात टॉर्च तिरका धरा, नाहीतर कागद लावून पेन्सिल घासा. इंग्लिश ऐरणीवर १-२-१० असे तीन आकडे दिसले तर ते हंड्रेडवेट या जुन्या इंग्लिश मापातलं वजन असतं: पहिला गुणिले ११२, दुसरा गुणिले २८, तिसरा सुटे पौंड. म्हणजे १७८ पौंड, जवळपास ८१ किलो. हे-बडनसारख्या अमेरिकन ऐरणींवर मात्र सरळ पौंडच असतात.

पीटर राइट या इंग्लिश कंपनीच्या ऐरणीवर ‘इंग्लंड’ हा शब्द दिसला तर ती बहुधा १८९१ नंतरची. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्याने मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं झालं होतं. उलट शब्द नाही म्हणून ती त्याआधीची असं मात्र ठरत नाही, कारण अमेरिकेबाहेर विकायच्या मालाला ती सक्ती नव्हती.

भट्टीकर
ठसे वाचून माझं काम होत नाही. मी हातोडी टेकवतो. खणखणीत वाजली तर घेतो, बद्द वाजली तर सोडतो.

ठसेशोधक
मग तुम्ही फिशरची ऐरण सोडून द्याल! न्यू जर्सीतल्या ट्रेंटनची, कुशीवर गरुड असलेली. तिचं अंग बिडाचं, माथा पोलादाचा. ती वाजतच नाही, तरी कामाला उत्तम. जड साखळी गुंडाळली तर चांगली ऐरणही बद्द वाजते. त्यापेक्षा पोलादी गोळी दहा इंचांवरून सोडा. सात-आठ इंच उसळली तर माथा कडक आहे. माथाभर जागा बदलत बघा. मधेच एखाद्या ठिकाणी गोळी मेल्यासारखी पडली तर तिथे पट्टी सुटली असेल किंवा पाणी उतरलं असेल.

नवशिकी
उडालेल्या कडा वेल्डिंगने भरून घेतल्या तर?

भट्टीकर
घ्या की. आधी सगळी ऐरण नीट तापवून, योग्य रॉड वापरून, शेवटी हळूहळू थंड होऊ दिली तर भरलेली कड टिकते. तशा ऐरणींवर मी रोज काम होताना पाहतो.

घणघण
जाणत्या हाताने केलं तर टिकते, हे मान्य. पण बहुतेकजण थंड ऐरणीवर थेट रॉड लावतात. मग कडेला चिरा पडतात आणि आजूबाजूचं पाणी उतरतं. ताई, उडालेली कड फाईलने गोल करून घ्या. धारदार कडेवर ठोकलं की कामात घडी पडते आणि तिथूनच पुढे चीर जाते, म्हणून जाणते लोहार नव्या ऐरणीच्याही कडा मुद्दाम गोल करतात.

भट्टीकर
कडांचं मानलं. पण ठसा नसलेली, माथा पार बसलेली ऐरण मी मिलिंगला नेणारच. तिला भंगारात घालण्यापेक्षा ते बरं.

घणघण
न्या, पण आधी गोळी सोडून बघा आणि कडेवरून पट्टीची जाडी मोजा. पाव इंचाहून कमी भरली तर माझं मत बदलणार नाही.