मदत हवी आहे : मुलांना त्यांच्या एचआयव्हीबद्दल सांगण्यासाठी पालकांना तयार कसं करता?
नमस्कार. एचआयव्हीसह जगणाऱ्या कुटुंबांसाठीचा समुपदेशन कार्यक्रम मी सांभाळते. रोजच्या गोळ्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, तपासणीत न सापडण्याइतका खाली राहिला की लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे कळल्यावर जोडपी मोकळा श्वास घेतात.

अडतंय ते मुलांपाशी. शाळकरी वयात, म्हणजे ६ ते १२ वर्षांत, मुलाला त्याची लागण सांगावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पालक मात्र 'ताकदीच्या गोळ्या' म्हणून वेळ मारून नेतात. परवा ११ वर्षांच्या मुलीने डबीवरचं नाव वाचून मलाच विचारलं, "ताई, हे कशाचं औषध?" आई मान खाली घालून पदराचं टोक पिळत राहिली.

पालकांच्या मनाची तयारी तुम्ही किती भेटींत करता? सुरुवात कोणत्या शब्दांनी? आणि माझे समुपदेशकही हे ऐकून थकलेत, त्यांच्यासाठी काय करता?