लव्हक्राफ्टची भीती प्रॉव्हिडन्सची होती, गोव्यातल्या भयकथेची कुठली?

डिचोलीचा वाचक

अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टचं चरित्र आणि त्याची पत्रं या पावसाळ्यात सलग वाचली. माझं एक मत पक्कं झालंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल भांडावं.

लव्हक्राफ्टची भीती टिकली, कारण ती त्याच्या घरातली आणि गावातली होती. १८९० मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात त्याचा जन्म. तो तीन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडिलांना वेडाच्या भरात बटलर हॉस्पिटलात ठेवावं लागलं. १८९८ मध्ये ते तिथेच गेले. आईला १९१९ मध्ये त्याच इस्पितळात नेलं, तीही १९२१ मध्ये तिथेच वारली. मधल्या काळात, १९०४ मध्ये, त्याला स्वतः रचलेल्या भुताच्या गोष्टी सांगणारे आजोबा गेले आणि त्यांच्यामागोमाग पैसाही गेला, जन्मघरही गेलं. लहानपणी स्वप्नात चेहरा नसलेले काळे पंखवाले जीव त्याला उचलून न्यायचे, ते पुढे कथांत जसेच्या तसे आले. पूर्वजांकडून आपल्या रक्तात काहीतरी उतरलंय आणि एक दिवस ते वर येणार, हा त्याच्या कितीतरी कथांचा कणा आहे. हे सगळं कपाटातल्या पुस्तकांतून येत नाही.

आणि आपण? गोव्यात बसून मराठीत भयकथा लिहायची म्हटली की पुण्याजवळचा घाट, पावसात बंद पडलेली गाडी, फार तर पोर्तुगीज बंगल्यातली पांढऱ्या झग्यातली बाई. इकडे डिचोली तालुक्यातल्या साळला शिमग्यात गड्यांची जत्रा होते. गडे, म्हणजे जत्रेच्या विधीत उतरणारे पुरुष, अंधारात रानाकडे धावत सुटतात, समोरच्या डोंगरावर देवचार या अदृश्य शक्तीच्या चुडी (मशाली) दिसतात असं लोक मानतात, आणि देवचाराने लपवून ठेवलेल्या गड्याला बाकीचे शोधून आणतात. शेकडो माणसं रात्र जागवून हे पाहतात. आपल्या कथांत त्याचा मागमूस नाही. ज्याला इथे भयकथा लिहायची आहे त्याने आधी स्वतःच्या वाड्यावरचं भय लिहावं, परक्यांचं वाचन नंतर.

मडगावचा पुस्तककिडा

साफ अमान्य. बाप वेड्यांच्या इस्पितळात गेलेली मुलं त्या काळात हजारो असतील. त्यांतला एकच लव्हक्राफ्ट झाला, आणि तो वाचनामुळे झाला.

त्याने अगदी लहानपणी अरेबियन नाइट्स वाचलं आणि स्वतःसाठी एक अरबी नाव घेतलं. आठव्या वर्षी एडगर ॲलन पो हाती लागला. १९१९ मध्ये त्याला अद्भुतकथा लिहिणारा लॉर्ड डन्सनी सापडला आणि पुढची काही वर्षं तो सरळ डन्सनीच्या वळणाने लिहीत राहिला. हे त्याने लपवलं नाही, पत्रांतून मोकळेपणी सांगितलं. १९२७ मध्ये छापून आलेला त्याचा भयसाहित्यावरचा दीर्घ निबंध वाचा. पूर्वसूरींचा इतका बारकाईने अभ्यास करणारा माणूस ‘घरातल्या दुःखातून आपोआप’ लिहीत नव्हता.

शिवाय जागेचं म्हणाल, तर १९२४ मध्ये जादूगार हुदिनीच्या नावावर छापायला त्याने इजिप्तच्या पिरॅमिडखालची कथा लिहून दिली. इजिप्त त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. १९३१ मध्ये अंटार्क्टिकावर लहान कादंबरी लिहिली. उत्तर अमेरिका खंडाबाहेर त्याने पाऊल टाकलं नाही. ग्रंथालय हेच त्याचं गाव. आपल्या नवोदितांना साळला पाठवण्याआधी पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसवा. कथा कच्च्या राहतात त्या वाचन कमी पडतं म्हणून. अनुभवाची कमतरता इथे कुणालाच नाही.

सत्तरीची सून

भाऊ, साळच्या जत्रेचं नाव तुम्ही भयकथेच्या संदर्भात घेतलंत, म्हणून लिहायला बसले.

देवचार आमचा राखणदार आहे. वर्षाचा रोट (जाड भाकरी) त्याला जातो, सोबत सोरो (दारू), विडी. रात्रभर गावाची शीव फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवीन वहाणा ठेवतात. रात्री वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत आणून सोडतो, अशा गोष्टी सासूबाईंनी मला सांगितल्या त्या मला भिववायला नव्हेत, नवख्या गावात धीर यावा म्हणून. लव्हक्राफ्टच्या जगात माणसाला वाली नाही. आकाशातल्या त्या प्रचंड शक्तींना आपण आहोत की नाही याचंही सोयरसुतक नसतं, आणि हीच त्याची खरी भीती आहे. आमच्याकडे उलट आहे. इथे अदृश्याशी करार आहे, देणं-घेणं आहे. त्याला उचलून कथेत रक्तपिपासू केलात तर तुमची कथा छापून येईल, पण माझ्या सासरच्या गावाशी तो खोटेपणा होईल.

मराठीत नारायण धारपांच्या भयकथांतला समर्थ वाचताना मला नेहमी राखणदार आठवतो. संकट कितीही मोठं असो, कुणीतरी येतं. म्हणून धारप आमच्या घरात सासऱ्यांपासून मुलांपर्यंत सगळे वाचतात.

वास्कोची रात्रपाळी

‘आपल्या गावाची भीती लिहा’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो, आणि कारण लव्हक्राफ्टच आहे.

१९२४ मध्ये सोनिया ग्रीनशी लग्न करून तो न्यूयॉर्कला, ब्रुकलिनला गेला. नोकरी मिळेना. रस्त्यावर जगभरातून आलेले कामकरी लोक, त्यांच्या भाषा, त्यांचे चेहरे. त्याला त्यांची किळस आली. बायको स्वतः युक्रेनमधून आलेल्या ज्यू घराण्यातली, तरीही पत्रांत त्याने या लोकांबद्दल जे लिहिलंय ते आज मोठ्याने वाचवत नाही. १९२६ मध्ये तो प्रॉव्हिडन्सला परतला आणि ती किळस कथांत राक्षस होऊन उतरली. वर्ल्ड फँटसी पुरस्काराची मूर्ती त्याच्या चेहऱ्याची होती, ती देणं २०१५ नंतर बंद केलं ते याचमुळे.

आता गोव्याकडे बघा. बाहेरून आलेल्या मजुरांबद्दल आपण काय बोलतो ते बसमध्ये, बाजारात रोज कानावर येतं. बंदराच्या बाजूला मी कर्नाटकातल्या, ओडिशातल्या माणसांबरोबर रात्रभर काम करतो. उद्या कुणी ‘गावाची भीती’ म्हणून त्यांनाच अंधारातलं सावज शोधणारं काहीतरी करून ठेवलं, तर तीही प्रामाणिक भीतीच म्हणायची का? भीती खरी आहे एवढ्याने ती लिहिण्याजोगी होत नाही.

डिचोलीचा वाचक

सत्तरीच्या ताईंचं म्हणणं मी मान देऊन ऐकतो. देवचाराला दुष्ट करावं असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. गडा लपवला जातो त्या वेळी त्याच्या घरच्यांना काय वाटत असेल, एवढंच कथेला पुरेसं आहे.

पुस्तककिडेबाब, तुमच्या इजिप्त-अंटार्क्टिकाला उत्तर म्हणून एकच कथा घेतो. १९२७ मधली ‘द कलर आउट ऑफ स्पेस’. शेतात उल्का पडते. फळं मोठी होतात पण कडू निघतात, गुरं करडी पडून झडतात, मग घरातली माणसं. गोष्ट सांगणारा आहे एक सर्वेक्षक. तिथे नवीन जलाशय होणार म्हणून तो जमीन मोजायला आलाय, आणि शेवटी म्हणतो की त्या तलावाचं पाणी मी कधी पिणार नाही. हे त्याला कुठे सुचलं? त्याच काळात ऱ्होड आयलंडमध्ये सिच्युएट जलाशयासाठी गावं उठवली गेली होती. घराजवळचंच.

आपल्याकडे सांगे तालुक्यात कुर्डी आहे. साळावली धरणाने १९८० च्या दशकात ते गाव पोटात घेतलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांचे पाये, वाटा, विहिरी उघड्या पडतात. दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाला त्याच धरणाचं पाणी नळाने येतं. ते आपण रोज पितो. याहून मोठी भयकथेची जागा मला माहीत नाही.

मडगावचा पुस्तककिडा

जागा मोठी आहे, मान्य. पण धरणाखाली गाव गेलेले लेखक अमेरिकेतही इतर असतीलच. ती कथा उभी राहते ती भाषेच्या तयारीवर. जो रंग माणसाने कधी पाहिलेला नाही त्याचं वर्णन न करता तो पानोपानी जाणवत ठेवायचा, ही ताकद वर्षानुवर्षांच्या वाचनाची आणि लिहिण्याची आहे.

आणि त्याच्या सगळ्या भीती इथे चालणार नाहीत. मासळी त्याला सहन व्हायची नाही. त्यातून त्याने बंदरावरच्या माणसांचे मासे होतात अशी दीर्घकथा लिहिली. आमच्याकडे सकाळी बाजारात नुस्तें मिळालं नाही तर दिवस सुना जातो. आमचा वाचक त्या कथेला घाबरेल तो निव्वळ लेखनाच्या बळावर. मी म्हणतो ते हेच.

वाड्याच्या पुनर्वसनातला एक

माझे आईवडील कुर्डीचे. आम्हाला वाडे या पुनर्वसनाच्या गावात आणून बसवलं. पाणी उतरलं की आम्ही सोमेश्वराच्या देवळात जातो, ख्रिस्ती मंडळी कपेलात फेस्त करतात. जुने शेजारी वर्षातून तेवढेच भेटतात. आई आपल्या घराच्या जागी उभी राहून कुठे चूल होती, कुठे गोठा होता ते नातवंडांना दाखवते. ती तिथे भीत नाही. म्हणून वर सुचवलंय तशी कुर्डीला झपाटलेली जागा करू नका.

तरीही कुणी लिहीत असेल तर नको म्हणणार नाही. आईला भीती वाटली होती, पण ती पाणी येण्याच्या आधी. अनोळखी माणसं येऊन घराच्या भिंती, माड, फणस मोजून वहीत लिहून घेत होती, आणि घर डोळ्यांसमोर धड उभं होतं. लव्हक्राफ्टच्या त्या कथेतला मोजणीवाला चांगला माणूस दिसतो, तो गोष्ट ऐकून घेतो. आमच्याकडच्या कथेत निवेदक त्याला करू नका, जिचं घर मोजलं जातंय तिला करा. डिचोलीबाब, लिहायला घेतलंत तर आधी येऊन तिच्याशी बोला. मे महिन्यात आम्ही तिथेच असतो.