दोष इंजिनात नव्हता, व्हॉल्व्हमध्ये होता
प्रश्न असा येतो की एप्रिल २०१९ च्या चाचणीत स्पेसएक्सची अंतराळवीर नेणारी क्रू ड्रॅगन कॅप्सूल फुटली, म्हणजे तिचं सुपरड्राको इंजिनच कच्चं होतं का? नाही. स्फोट इंजिनं पेटण्याच्या क्षणभर आधी झाला.

रॉकेटमध्ये बिघाड झाल्यास कॅप्सूलला दूर नेणाऱ्या, सुटकेच्या या इंजिनांना पंप नसतो, हेलियमच्या दाबाने इंधन ढकललं जातं. भिलवडीकडे कृष्णेवर मोटर असलेल्याला विचारा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसला नाही की मोटर बंद पडताच चढवलेलं पाणी उलटं धावतं. ड्रॅगनमध्ये अशाच व्हॉल्व्हमधून थोडं नायट्रोजन टेट्रॉक्साइड (इंधन जाळायला लागणारं रसायन) हेलियमच्या नळीत झिरपलं होतं. दाब देताच ते प्रचंड वेगाने परत व्हॉल्व्हवर आदळलं आणि त्यातलं टायटॅनियम चक्क पेटलं! हा धातू या रसायनासोबत वर्षानुवर्षं बिनधास्त वापरला जात होता, म्हणून मला हा शोध फार मोलाचा वाटतो. जमिनीवर, माणूस आत नसताना लागला हे किती बरं झालं.

मग त्या व्हॉल्व्हच्या जागी बर्स्ट डिस्क (दाबाने फुटणाऱ्या चकत्या) बसवल्या. ठरावीक दाबाला फुटेपर्यंत त्या पूर्ण बंद राहतात. जानेवारी २०२० मध्ये उडत्या रॉकेटवरून सुटकेची चाचणी यशस्वी झाली, मे महिन्यात अंतराळवीर बेन्केन आणि हर्ली ड्रॅगनमधून अंतराळ स्थानकाकडे गेले.

ड्रॅगनला वर नेणाऱ्या रॉकेटच्या मर्लिन इंजिनाला मात्र टर्बोपंप (टर्बाइनवर फिरणारा पंप) आहे. किर्लोस्करवाडीत पंपांवर काम करणाऱ्यांनी त्यावर जरूर लिहा.