मदत हवी आहे: ४० मायक्रॉनच्या चॅनलचा साचा कुठे करून मिळेल?

जळगावला पीएचडी करतोय. केळीवरच्या करप्याचे बीजाणू अंकुरताना एकेक सुटा बघायचा आहे. त्यासाठी ४० मायक्रॉन रुंद, ३० खोल चॅनल (पन्हळ) असलेली पीडीएमएसची, म्हणजे पारदर्शक सिलिकॉन रबराची, चिप हवी.

आधी ॲक्रिलिकवर लेझरने कोरून घेतलं. २०० मायक्रॉनच्या खाली जाईना, कडा करवतीसारख्या. मग रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर साचा काढला. त्यावर सिल्गार्ड १८४ (पीडीएमएसचं तयार किट) ओतलं, मूळ द्रव आणि घट्ट करणारं द्रव्य १०:१, ७० अंशांना रात्रभर. सकाळी सोललं तर साच्याला टेकलेली बाजू ओलीच, बोटाला केळीच्या चिकासारखी चिकटणारी. रेझिनचा उरलेला अंश पीडीएमएस घट्ट होऊ देत नाही. अल्कोहोलने धुतलं, यूव्हीखाली ठेवलं, तरी तेच. म्हणून आता सिलिकॉन वेफरवर (चकतीवर) एसयू-८ चाच, म्हणजे प्रकाश पडला की घट्ट होणाऱ्या रेझिनचाच, साचा. एक पुरे, पुढचे कास्ट इथे काढू.

तळाची काच ०.१७ मिमीचीच लागेल, १०० एक्सचं ऑइल भिंग जाड काचेतून फोकस होत नाही.

आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूच्या आयआयएससीची नॅनोफॅब (अशा सूक्ष्म रचना बनवायची प्रयोगशाळा) बाहेरच्यांनाही वापरता येते हे माहीत आहे, संशोधन उपकरणं शोधायचं सरकारी आय-स्टेम पोर्टलही पाहिलंय. कॅड फाइल तयार आहे, गाइडचं पत्र मिळेल. मुंबई रेल्वेने एका रात्रीची, पण तास घ्यायचे असल्याने तीन दिवसांपेक्षा जास्त सुट्टी नाही.

ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी सांगा: नुसती फाइल पाठवून साचा मिळतो, की ट्रेनिंग घेऊन आपणच करायचा? आणि ४० मायक्रॉनला फिल्मवर छापलेला मास्क (ज्यातून प्रकाश पाडून नक्षी उठवतात तो) चालतो की क्रोमचाच लागतो?