निलंबित लायसन्सवर टेम्पो चालवला, कोर्टाचं समन्स आलंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोर्टाच्या किंवा आरटीओच्या कामाची माहिती असलेल्यांनी कृपया सांगा. तारीख पुढच्या आठवड्यात आहे आणि घरात कुणाला झोप नाही.

आम्ही कोल्हापूरजवळच्या पुलाची शिरोलीचे. थोरला भाऊ, आण्णा, एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून उद्यमनगरात कास्टिंगचा माल पोचवतो. टेम्पो माझ्या नावावर, कारण कर्ज मला मिळालं, चालवतो तो. मध्यंतरी कावळा नाक्यावर मोबाईलवर बोलताना त्याला पकडलं. लायसन्स जमा झालं, नंतर आरटीओत सुनावणी होऊन ३ महिन्यांच्या निलंबनाचा आदेश निघाला. चूक त्याचीच होती. आम्ही बदली ड्रायव्हर ठेवला.

मुदत संपायला १८ दिवस राहिले असताना ड्रायव्हरचा सकाळीच फोन आला, मुलगी दवाखान्यात आहे, येत नाही. माल रात्रीच भरून टेम्पो दारात उभा. तिकडं मशीनशॉपवाला दर दहा मिनिटांनी फोन करतोय. आण्णा म्हणाला, "अर्ध्या तासाचं तर काम, टाकून येतो." किल्ली मी दिली. हे मुद्दाम लिहितोय, कारण आता सगळे त्यालाच बोलतायत.

तावडे हॉटेलपाशी तपासणी चालू होती. मशीनवर नंबर टाकला की निलंबित दिसलं. टेम्पो ताब्यात घेतला. आता समन्समध्ये आण्णावर मोटार वाहन कायद्याचं कलम १८२ (अपात्र ठरवलेलं असताना गाडी चालवणं) आहे आणि माझ्यावर कलम १८० (अशा माणसाला गाडी चालवू देणं).

ओळखीचा एजंट म्हणतो, "पहिल्या तारखेला कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." आबांचंही तेच मत. पण आण्णानं एका कारखान्यात चालकाच्या जागेसाठी अर्ज केलाय, तिथं पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. कबूल केलं तर ती नोकरी जाईल का? खरंच जेल होऊ शकते का? आणि टेम्पो कसा सोडवायचा? हप्ता थांबत नाही.

प्रतिसाद १
आधी जेलचं. कलम १८२ ला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी दंड ५०० रुपये होता, म्हणून जुनी माणसं अजून "काय होत नाही" म्हणतात. तुमच्या कलम १८० ला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार दंड किंवा दोन्ही. पण गुन्हा कबूल करणं म्हणजे दोषी ठरणं. नुसती पावती फाडण्यासारखं ते नाही. नोकरीच्या अर्जात "कधी शिक्षा झाली आहे का" असं विचारलं तर खरं लिहावं लागेल. वकिलाला कागद दाखवल्याशिवाय तोंड उघडू नका. आणि दोघांची बाजू वेगवेगळी आहे हेही वकिलाला सांगा.

प्रतिसाद २
भावा, तुझ्याकडं नेमका कोणता कागद आहे? पोलिसांनी लायसन्स जमा करून दिलेली पावती, की आरटीओचा आदेश? कलम १८२ अपात्र ठरवलेल्या माणसाला लागतं, म्हणून कलम १९ खालच्या, म्हणजे आरटीओच्या निलंबनाच्या आदेशाची प्रत महत्त्वाची. पावतीवर गाडी चालवता येते असा बऱ्याच जणांचा समज असतो. निलंबनासाठी जमा केलेल्या लायसन्सच्या पावतीवर चालवता येत नाही, कलम २०६ मध्ये तसं स्पष्ट आहे. आदेश मान्य नसेल तर अपिलाला ३० दिवस असतात, ते तुमचे बहुतेक गेले.

टेम्पोच्या पावतीवर कलम २०७ (गाडी ताब्यात घेण्याचं) असेल तर गाडीचे सगळे कागद घेऊन मालकानं, म्हणजे तू, सोडवण्यासाठी अर्ज करायचा. वकिलाची फी परवडत नसेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्न मर्यादेत बसलं तर वकील मोफत मिळतो.

प्रतिसाद ३
त्या अर्ध्या तासात अपघात झाला असता तर? समोरच्याला भरपाई देऊन विमा कंपनी ती रक्कम मालकाकडून, म्हणजे तुमच्याकडून, वसूल करायला आली असती. माझ्या मेहुण्याचं शेत त्यात गेलं. रागावू नका, पण किल्ली द्यायची नव्हती.

धागाकर्ता
रागावलो नाही. बरोबर बोललात.

आज कपाटातून आदेश काढला. आम्ही ३ महिने लायसन्स जमा केल्या दिवसापासून मोजत होतो. आदेशात मुदत आदेशाच्या तारखेपासून लिहिली आहे, आणि तो २२ दिवसांनी निघाला होता. येत्या सोमवारपासून आण्णा परत गाडीवर बसणार होता. दुसऱ्यांदा सापडला असता.

उद्या बावड्याला जातोय, दोघंही, बसनं. टेम्पोच्या पावतीवर २०७ आहे, अर्ज लिहून ठेवलाय. कुणाकडं अशा अर्जाचा नमुना असेल तर रात्रीपर्यंत इथं टाका, मी जागा आहे.