पोत्यावर छापा, खाद्यात कुठलं औषध आहे ते

तापीकाठ

कोंबडीखाद्याच्या पोत्यावर प्रथिनं किती, फायबर किती, ओलावा किती, सगळं छापलेलं असतं. त्यात अँटिबायोटिक मिसळलंय का, कुठलं, किती, हे मात्र आमच्या भागातल्या बऱ्याच पोत्यांवर मला सापडलं नाही. करारावर कोंबड्या पाळणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. आपलं फक्त शेड, मजुरी आणि लाइटबिल. ज्याच्या हातून ते औषध रोज कोंबडीच्या पोटात जातं, त्यालाच पत्ता नाही.

माझं मागणं एवढंच: वजन वाढावं म्हणून खाद्यातून रोज दिलं जाणारं अँटिबायोटिक पूर्ण बंद करा. आणि आजारासाठी घातलेलं असेल तर पोत्यावर त्याचं नाव, प्रमाण आणि शेवटच्या डोसानंतर किती दिवस विक्री करायची नाही, हे मराठीत छापा.

आजारी कोंबडीला औषध द्यायला माझा विरोध नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिला प्रतिसाद त्यावरच येईल. (आपल्याकडे धागा वाचण्याआधी उत्तर लिहायची पद्धत आहे.) वांधा आहे तो रोजच्या थोड्या थोड्या डोसाचा. तेवढ्यानं सगळे जंतू मरत नाहीत. नरम असतात ते मरतात, टिकाऊ उरतात, आणि पुढची पैदास त्यांचीच होते.

कोलिस्टिनचं घ्या. जुनं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून माणसांत मागे पडलेलं. पुढे बाकी औषधं चालेनाशी झाली तेव्हा आयसीयूत ते पुन्हा बाहेर काढावं लागलं. त्याच काळात कोंबड्या-डुकरांना ते खाद्यातून चाललं होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी डुकरांतल्या ई. कोलाय जंतूत त्याला दाद न देणारं एमसीआर-१ जनुक सापडल्याचं जाहीर केलं. हे जनुक डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर बसलेलं, म्हणजे एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे सहज जाणारं. चीननं खाद्यातला वापर थांबवला. आपल्या सरकारनं जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली. चांगलं झालं. पण एकेक औषध हातचं गेल्यावर एकेकावर बंदी, ही चाल किती दिवस चालायची? स्वीडननं वाढीसाठीची सगळी अँटिबायोटिक १९८६ मध्येच बंद केली, युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून.

अजून एक. आपण भांडतो ते दुधा-मांसात औषधाचा अंश राहतो का यावर. तो प्रश्न आहेच, पण टिकाऊ जंतू मांसातूनच येतात असं नाही. ते विष्ठेतून बाहेर पडतात. शेडमधलं कोंबडीखत ट्रॅक्टरनं कुठे जातं, हे रावेर-यावलच्या मंडळींना मी सांगायला नको.

नवापूरचा अंडेवाला

झालं, आली गाडी पोल्ट्रीवर. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला, तेव्हा लाखो कोंबड्या खड्ड्यात घातल्या आम्ही. २०२१ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा सगळा महाराष्ट्र आमच्याकडे बोट दाखवून चिकन सोडून बसला होता. आता अँटिबायोटिकचंही बिल आमच्याच नावावर फाडा.

भाऊ, सर्दी झाली तरी मेडिकलवर जाऊन चिठ्ठीशिवाय अझिथ्रोमायसीनचं पाकीट कोण आणतं? कोंबडी आणते का? तीन गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, उरलेल्या डब्यात, पुढच्या वेळी बायकोला. हे घरोघरी चालतं, त्यावर धागा नाही.

दुसरं. खान्देशात मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो तेव्हा शेडमध्ये येऊन उभे राहा. फॉगर चालू, गोणपाट ओलं, तरी पक्षी धापा टाकतो. अशा ताणात आजार लगेच धरतो. खाद्यातलं औषध काढलं आणि मरतुक वाढली तर पाण्यातून दुप्पट औषध जाईल. तुमची बंदी कागदावर, औषध ड्रममध्ये.

ढोरांचा डॉक्टर

अंडेवाल्या भाऊंचं शेवटचं वाक्य हवेतलं नाही. डेन्मार्कनं १९९९ च्या अखेरीपर्यंत वाढीसाठीचं अँटिबायोटिक बंद केलं, तेव्हा आईपासून तोडलेल्या डुकराच्या पिल्लांत हगवण वाढली आणि उपचाराच्या औषधाचा वापर काही काळ चढला. ब्रॉयलरमध्ये, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांत, मात्र फारसं बिघडलं नाही. त्यांनी आणखी एक केलं होतं, १९९५ मध्येच: डॉक्टरनं औषध विकून नफा कमवायचा नाही. आपल्याकडे या मुद्द्याला कोणी हात लावत नाही. जो तपासतो तोच पिशवीतून बाटली काढून देतो, आणि त्याचं पोट बाटलीवर असतं, तपासणीवर नाही. माझ्याच व्यवसायाबद्दल बोलतोय, म्हणून जपून बोलतोय असं समजा.

तापीकाठ, तुमच्याही बाजूला एक दुरुस्ती. ‘पूर्ण बंद’ म्हणताना सगळी औषधं एका दावणीला बांधू नका. रक्ती हगवणीसाठी खाद्यात सॅलिनोमायसीनसारखी औषधं असतात. ती माणसाला दिली जात नाहीत, त्यांची भीती त्या मानानं कमी. काळजी करायची ती एन्रोफ्लॉक्सासिनची. जनावराच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनच होतो, आणि सिप्रो आपण माणसाला देतो. टायलोसिनचं तसंच, ते एरिथ्रोमायसीनच्या कुळातलं. अंडी देणाऱ्या कोंबडीचा पेच तर जास्तच: ती रोज अंडं देते, म्हणजे औषध उतरेपर्यंतची अंडी फेकायला हवीत. युरोपात अंड्यांच्या कोंबडीला एन्रोफ्लॉक्सासिन चालतच नाही.

नवीन नियमही माहीत असू द्या. मार्च २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटावर खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत बंदी आली. कोणाच्या कपाटात जुना साठा असेल तर तो वापरू नका.

वॉर्ड नंबर नऊ

धुळ्यात एका दवाखान्यात आयसीयूत नर्स आहे. कल्चरचा, म्हणजे पेशंटमधला जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट येतो, त्यात एकेका औषधापुढे एस किंवा आर असतं. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही. खालपर्यंत आर आर आर असलेले रिपोर्ट आता आम्हाला नवीन नाहीत. त्यात जंतू शेडमधून आला की मेडिकलच्या गोळीतून की आमच्याच वॉर्डातून, हे लिहिलेलं नसतं. वॉर्डातून येणारे कमी नसतात, हेही सांगते.

२०१९ मध्ये जगभरात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा जंतूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. यात कोणाचा वाटा मोठा, हे भांडण नातेवाईकांसमोर करून दाखवा.

गिरणाकाठची दूधवाली

मी चार म्हशी आणि दोन जर्शी सांभाळते, तर माझंही ऐका. गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की कासेत ट्यूब सोडावी लागते. डॉक्टर म्हणतात, तीन दिवस दूध घालू नका, औषध जास्त दिवस टिकणारं असेल तर जास्त. बरोबर आहे. पण त्या दिवसांची ढेप कोण देणार? डेअरीवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) बघतात, त्यावर रेट. औषध आहे का, हे बघत नाहीत. मग ज्यानं दूध ओतून दिलं तो येडा आणि ज्यानं घातलं तो शहाणा ठरतो.

आणि उकळून औषध जातं असं समजू नका, बरीचशी औषधं उकळूनही राहतात. आमच्याकडे जुन्या बायका विरजण लागलं नाही की विचारतात, कोणत्या गाईला सुई दिली होती? दह्याचे जंतू पण जंतूच, ते पण मरतात.

ढेपवाला पाचोरा

दुधाचा विषय काढलाच आहे तर आकडे नीट घ्या. सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ दूध नमुने तपासले. अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं ७७ नमुन्यांत, म्हणजे १.२ टक्के. अफ्लाटॉक्सिन एम१ हे बुरशीचं विष जास्त निघालं ३६८ नमुन्यांत. ते कुठून येतं? बुरशी लागलेल्या खाद्यातून, म्हणजे आमच्याच धंद्यातून. ओली सरकी, ओला मका, पावसाळ्यात गोदाम गळतं. खाद्यावर ओरडायचंच तर आधी त्यावर ओरडा. ७७ साठी एवढा आरडाओरडा आणि ३६८ वर चिडीचूप?

तापीकाठ

ढेपवाले भाऊ, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. अफ्लाटॉक्सिन वाईट आहे, पण ते म्हशीकडून म्हशीकडे लागण होऊन पसरत नाही. टिकाऊ जंतू पसरतो. दुधात अंश सापडला नाही म्हणजे गोठ्यात तो जंतू तयार झाला नाही, असं होत नाही. औषध उतरतं, जंतू राहतो. ओल्या गोदामावर वेगळा धागा काढा, तुमच्या बाजूनं मीच लिहीन.

अहिरानी मानूस

डाक्टर म्हने तीन दिन दूध घालू नको, डेअरीवाला म्हने रोज आन. आमना गावमा तं औषदनी बाटलीवर काय लिखेल शे हाई कोनीच वाचस नही. इंग्रजीमा लिखेल ऱ्हास ना.

केळीबाग रावेर

माझ्याकडे दरवर्षी कोंबडीखत येतं. शेणखत मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, घरात बैलजोडी राहिली नाही. कोंबडीखताला नत्र चांगलं, केळीला लागू पडतं. तुम्ही म्हणता ते खत वाईट. मग घालू काय, भाषण?

ढोरांचा डॉक्टर

खत वाईट नाही, ताजं खत वाईट. ढीग लावा, ओल ठेवा, पलटी द्या, आतून चांगलं गरम होऊ द्या. बरेच जंतू मरतात, टेट्रासायक्लिनसारखी औषधंही पुष्कळ कमी होतात. एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली मात्र चिवट, मातीला धरून बसतात. म्हणून सुरुवात शेडपासूनच करावी लागते, तुमच्या बांधापासून नाही.

आणि कपाशीवाल्यांनी फार हसू नये. करप्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर जी छोटी पुडी टाकता, स्ट्रेप्टोसायक्लिन, तिच्यात स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लिन आहे. पहिलं क्षयरोगावर वापरलेलं औषध.

नवापूरचा अंडेवाला

पोत्यावर छापायला माझी ना नाही. पण करारावाल्याला पोतं बदलता येत नाही, त्यानं वाचून काय करायचं? माझं खाद्य मी स्वतः भरडतो: मका, सोयाची डीओसी (तेल काढलेली पेंड), शिंपल्याचा चुरा, वर प्रिमिक्स, म्हणजे जीवनसत्त्वं-औषधांचं तयार मिश्रण. त्या पिशवीवर नाव असतं आणि मी वाचतो. गेल्या वर्षी औषधाचं प्रिमिक्स बंद करून पाहिलं. त्याऐवजी चुना, पाण्याच्या लाइनची धुलाई आणि दोन बॅचमध्ये शेड रिकामं ठेवणं वाढवलं. मरतुक फार नाही वाढली, खर्च वाढला. अंडं गेलं एनईसीसीच्या (अंड्याचा भाव जाहीर करणारी समिती) त्याच रोजच्या भावानं, शेजाऱ्याच्या अंड्याबरोबर, त्याच ट्रेमध्ये. मला एक पैसा जास्त मिळाला नाही. आता सांगा, पुढच्या वर्षी मी काय करावं?

तापीकाठ

म्हणून तर बंदी सगळ्यांना एकदम हवी म्हणतोय. एकट्यानं बंद केलं की तोच तोट्यात. सगळ्यांच्या खाद्यातून गेलं तर तो खर्च भावात उतरेल.

गिरणाकाठची दूधवाली

अंड्याचं होईल तसं. दुधाचं सांगा. टँकरवर पट्टी लावून तपासलं आणि औषध निघालं तर अख्खा टँकर परत येणार. शेजारच्या गाईच्या ट्यूबसाठी माझं चांगलं दूध का ओतायचं?

ढोरांचा डॉक्टर

ताई, त्याला उपाय आहे, पैसे लागतात. संकलन केंद्रावर प्रत्येक सभासदाच्या दुधाची छोटी बाटली फ्रीजमध्ये टँकरचा निकाल येईपर्यंत ठेवायची. टँकर अडला तर बाटल्या तपासायच्या आणि ज्याची निघेल त्याच्या हिशेबातून कापायचं. जोडीला, दगडीचं दूध केंद्रावर आधी कळवून बाजूला ठेवलं तर संघानं त्या दिवसांचे निम्मे पैसे द्यायचे.

गिरणाकाठची दूधवाली

निम्मे दिले तर मी पहिल्या दिवशी कळवेन. ठराव कोण मांडतंय ते सांगा, सह्या मी गोळा करते.